वेगळ्या घडणीचे आलिशान स्पीकर घेताय? आधी आकाराला त्याचं काम विचारा

शंखासारखे गुंडाळलेले, पुरुषभर उंचीचे, आरपार दिसणारे, कर्णे लावलेले, भिंतीवर टांगायचे. चौकोनी खोक्यापलीकडच्या स्पीकरांच्या जगात नव्याने शिरलं की डोळे दिपतात आणि अक्कल थोडा वेळ सुट्टीवर जाते. विकणारा देखणेपणाबद्दल बोलतो, मोजमापवाले आलेखांबद्दल बोलतात. हे धूड दारातून आत येईल का, आपला ॲम्प्लिफायर ते पेलेल का आणि दहा वर्षांनी त्याचा एखादा भाग बिघडला तर तो मिळेल का, हे मात्र सहसा कुणी आपणहून सांगत नाही. या सगळ्यातून मी गेलो आहे. पुढच्या पायऱ्या त्याच अनुभवातून लावल्या आहेत. थोडी मागेपुढे झाली तर हरकत नाही, फक्त खोली मोजण्याआधी ऐकायला जाऊ नका. एकदा कानाला आणि डोळ्याला आवडलं की टेपचे आकडे कुणी मनावर घेत नाही.

इथे दोन स्पीकरांची स्टिरिओ जोडी गृहीत धरली आहे. सिनेमासाठीची पाच-सात स्पीकरांची मांडणी हा वेगळा विषय आहे.

१. आकाराला विचारा: तुझं काम काय?

कुठलाही वेगळा आकार समोर आला की पहिला प्रश्न हाच. उत्तर देता यावं म्हणून आधी साध्या खोक्याचे दोष माहीत हवेत. मुख्य दोष तीन.

पहिला दोष कडांचा. ट्वीटरमधून, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या भागातून, निघालेला आवाज समोरच्या पाटीवरून सरकत जातो आणि तीक्ष्ण कडेला पोचला की तिथून पुन्हा पसरतो. हा दुसरा, किंचित उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. आरसीए कंपनीतले हॅरी ओल्सन यांनी १९५१ साली गोल, घन, दंडगोल, पिरॅमिड अशा वेगवेगळ्या आकारांत तोच ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा भाग) बसवून मोजमापं प्रसिद्ध केली. गोलाचा आलेख सर्वात सपाट आला, म्हणजे सगळे सूर जवळपास सारख्या जोराने आले. घनाचा सर्वात खडबडीत आलेखांपैकी एक होता. गोलाकार कडा, निमुळती पाटी, अंड्यासारखं डोकं हे सगळं तिथूनच येतं.

दुसरा दोष आतल्या आवाजाचा. ड्रायव्हरचा पडदा जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही फेकतो. समांतर भिंतींच्या खोक्यात तो मागचा आवाज येरझाऱ्या घालतो आणि पातळ पडद्यातून पुन्हा बाहेर येतो. इटलीच्या सोनस फाबेरचे संस्थापक फ्रांको सेर्ब्लिन यांनी १९९० च्या दशकात ग्वार्नेरी नावाचा स्पीकर केला. त्याचा आडवा छेद ल्यूट या तंतुवाद्यासारखा आहे. नाव व्हायोलिन घडवणाऱ्या घराण्याचं आणि अंगाला देखणं लाकूड असल्यामुळे लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. पण त्या वळणामुळे आत समांतर भिंती उरत नाहीत, शिवाय वळवलेली भिंत सपाट भिंतीपेक्षा ताठ असते.

याच दोषावरचा सर्वात धाडसी उपाय म्हणजे बॉवर्स अँड विल्किन्सचा नॉटिलस. लॉरेन्स डिकी यांची ही रचना १९९३ साली बाजारात आली. प्रत्येक ड्रायव्हरच्या मागे निमुळती होत जाणारी नळी जोडायची आणि मागचा आवाज त्या नळीतच विरून जाऊ द्यायचा, ही कल्पना. उंच सुरांसाठी आखूड नळी पुरते, खर्जासाठी मात्र ती इतकी लांब होते की सरळ ठेवली तर खोलीत अडगळ व्हावी. म्हणून ती गुंडाळली आणि शंख तयार झाला. अभियंत्याने गरज सोडवता सोडवता शिल्प जन्माला घातलं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

तिसरा दोष थरथरण्याचा. वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा ड्रायव्हर, पुढे जोरात ढकलतो तेव्हा खोकं मागे ढकललं जातं. केईएफच्या ब्लेडमध्ये (२०११) चार वूफर दोन-दोन करून दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवले आहेत, त्यामुळे त्यांचे धक्के एकमेकांना रद्द करतात. दव्हियालेच्या फँटममध्येही दोन्ही कुशींतले वूफर एकाच वेळी बाहेर-आत होतात ते याच कारणासाठी. मॅजिको जाड ॲल्युमिनियमची पेटी करते, विल्सन ऑडिओ स्वतःच्या कठीण मिश्र द्रव्याची, तर एस्टोनियाची एस्टेलॉन संगमरवराची भुकटी असलेल्या मिश्रणातून वळणदार अंग ओतते. या सगळ्यांचा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: पेटीने स्वतःचं तोंड बंद ठेवावं.

आता उलट बाजू. कित्येक महागडे स्पीकर आत अगदी साधे असतात. बाहेरून कातडं, सोनेरी कडा, चकाकता लॅकर, आणि आत नेहमीची पेटी. त्यात पाप काही नाही. देखणी वस्तू घरात असावी हे स्वतःच पुरेसं कारण आहे. फक्त आपण कशाचे पैसे मोजतोय ते कळलं पाहिजे. विक्रेत्याला सरळ विचारा, "हा आकार नसता तर आवाजात काय बिघडलं असतं?" कामाच्या आकाराचं उत्तर दोन वाक्यांत येतं. शोभेच्या आकाराला विशेषणं लागतात.

२. कूळ ओळखा

चेहरेपट्टी निराळी असली तरी बहुतेक वेगळे स्पीकर चार-पाच कुळांत मोडतात. स्पीकर कुठे ठेवायचा आणि त्याला काय खायला घालायचं हे कुळावर ठरतं, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

कर्णेवाले, म्हणजे हॉर्न स्पीकर. कर्णा पडद्याची हालचाल हवेपर्यंत फार कार्यक्षमतेने पोचवतो, त्यामुळे थोड्याशा वॉटवर खोली भरते. पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा क्लिप्शहॉर्न हे या कुळाचं मूळ पुरुष म्हणावं असं उदाहरण. त्याच्या मूळ रचनेत खोलीचा कोपरा हाच खर्जाच्या कर्ण्याचा शेवटचा भाग आहे. कोपरा नाही तर खर्ज नाही. जर्मनीच्या आव्हांगार्ड अकूस्टिकचे रंगीत, मोठ्या घेराचे कर्णे आज या कुळात सर्वात नजरेत भरतात. फटका, जिवंतपणा, गायकाचं समोर उभं राहणं यात हे कूळ अजोड आहे. जवळून ऐकलं तर मात्र वेगवेगळ्या कर्ण्यांचे आवाज सुटे सुटे ऐकू येतात. मोठा कर्णा असेल तर तीन-चार मीटर अंतर हवंच.

पॅनलवाले. यांना पेटीच नसते, त्यामुळे पेटीचे दोषही नसतात. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनलमध्ये केसाहून पातळ पापुद्रा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला असतो, त्यावर हजारो व्होल्टचा भार ठेवलेला असतो. ब्रिटनच्या पीटर वॉकर यांचा १९५७ चा क्वाड आजही लोक दुरुस्त करून वापरतात. मार्टिनलोगनचे वळणदार, पलीकडचं दिसणारे पॅनल याच जातीचे. अमेरिकेच्या मॅग्नेपॅनने १९६९ पासून चुंबक आणि तारांच्या तंत्राने सपाट पडदे केले, ते दिसायला खोली विभागायच्या पडद्यासारखेच. हे सगळे पुढे जितका आवाज देतात तितकाच मागे, उलट्या दिशेच्या दाबाने. म्हणून मागच्या भिंतीपासून निदान मीटरभर मोकळी जागा हवी. बाजूच्या भिंतींचा त्रास मात्र कमी, कारण कडेच्या दिशेला पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतो. माझ्याकडे याच कुळातली जोडी आहे, तेव्हा माझं मत थोडं झुकलेलं असणार हे धरून चाला. एकच गोष्ट स्पष्ट सांगतो: बसण्याची जागा ठरलेली असेल तरच पॅनल घ्या. सोफ्यावर तिघे ओळीने बसले तर खरं गाणं मधल्यालाच मिळतं.

चहूकडे पसरणारे. जर्मनीच्या एमबीएलचा १०१ पाहिला तर त्यात नेहमीचा शंकू दिसतच नाही. उभ्या लवचिक पट्ट्यांचे फुगीर गोळे आकसतात, फुगतात आणि आवाज ३६० अंशांत जातो. खोलीत कुठेही बसा, गाणं ऐकू येतं. बदल्यात खोलीच्या भिंती भरपूर बोलतात आणि ॲम्प्लिफायर तगडा लागतो.

संगणकाच्या डोक्याचे शिल्पवजा स्पीकर. १९२५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या बँग अँड ओलुफसेनने हे कूळ मोठं केलं. डेव्हिड लुइस यांचा १९९२ चा बेओलॅब ८००० म्हणजे बारीक चकचकीत धातूची नळी. २००३ च्या बेओलॅब ५ मध्ये खालून मायक्रोफोन बाहेर येतो, खोलीचा खर्ज मोजतो आणि स्वतःला जुळवून घेतो. २०१५ चा बेओलॅब ९० तर एका स्पीकरमध्ये १८ ड्रायव्हर, ८२०० वॉट आणि १३७ किलो. आवाजाचा झोत अरुंद, रुंद किंवा सर्वदिश करायची सोय त्यात आहे. या कुळात ॲम्प्लिफायर आतच असतो, त्यामुळे जुळणीचा ताप वाचतो. त्याची किंमत नंतर भरावी लागते, ती पायरी ७ मध्ये.

आणि शेवटी, अंग वेगळं पण स्वभाव नेहमीचा. रॉस लव्हग्रोव्ह यांनी केईएफसाठी आखलेला म्यूऑन (२००७) दोन मीटर उंच, तापवून फुगवलेल्या ॲल्युमिनियमचा. दिसतो परग्रहावरचा, पण ठेवण्याचे नियम बऱ्याच अंशी चांगल्या मोठ्या टॉवर स्पीकरचेच.

३. खोली मोजा, दार मोजा, जमीन तपासा

या पायरीसाठी लागणारी हत्यारं: पाच मीटरची टेप, रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी, मोठे पुठ्ठे, पाणसळ, कागद-पेन्सिल.

खोलीचा नकाशा मापांसह काढा. लांबीवरून सर्वात खालचा घुमणारा सूर काढता येतो: ३४४ ला (आवाजाचा वेग, सेकंदाला इतके मीटर) लांबीच्या दुपटीने भागा. पाच मीटर लांबीच्या खोलीत हा सूर सुमारे ३४ हर्ट्झला (सेकंदाला ३४ कंपनं) येतो. २० हर्ट्झपर्यंत उतरणारा अजस्र स्पीकर छोट्या खोलीत आणला की तो त्या घुमाऱ्याला खतपाणी घालतो आणि गाण्याऐवजी एकसुरी घरघर ऐकू येते. मोठा स्पीकर वाईट असतो असं नाही, पण लहान खोलीत त्याचा खर्ज आवरायला इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती लागेल हे आजच समजून घ्या.

दुसरं गणित मागच्या भिंतीचं. खर्ज मागे वळतो, भिंतीवरून परततो आणि ठरावीक सुरावर मूळ आवाजाला मारतो. तो सूर म्हणजे ३४४ भागिले (वूफरपासून भिंतीच्या अंतराची चौपट). एक मीटर अंतर असेल तर ८६ हर्ट्झ, साठ सेंटिमीटर असेल तर १४३ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. स्पीकर कितीही दिव्य असला तरी हा खड्डा सहसा चुकत नाही.

आता पुठ्ठे कापा, स्पीकरच्या खऱ्या उंची-रुंदीचे, आणि ठरलेल्या जागी उभे करा. जमिनीवर चिकटपट्टीने तळाचा आकार आखा. आठवडाभर तसंच राहू द्या. दिवसातून किती वेळा वळसा घालावा लागतो, दार पूर्ण उघडतं का, खिडकीचं ऊन कुणावर पडतं, घरातली माणसं काय म्हणतात, हे सगळं फुकटात कळतं. मी ओळखणाऱ्यांपैकी कित्येकांचा विचार पुठ्ठ्यावरच बदलला.

दार, लिफ्ट आणि जिन्याची वळणं मोजताना स्पीकरची मापं धरू नका, त्याच्या लाकडी पेटाऱ्याची धरा. भरलेला पेटारा नुसत्या स्पीकरपेक्षा बराच जड आणि रुंद असतो. घरगुती जमीन साधारण चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून आखतात. शंभर-सव्वाशे किलोच्या जोडीने पक्क्या इमारतीत काही होत नाही. जुन्या लाकडी तुळयांच्या माडीवर मात्र ठेवण्याआधी स्थापत्य अभियंत्याला विचारा.

४. ॲम्प्लिफायर जुळतो का ते बघा

दोनच आकडे पाहा. संवेदनशीलता (ठरावीक शक्तीवर किती मोठा आवाज येतो ते) डेसिबलमध्ये, आणि इंपीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) ओहममध्ये.

८६ डेसिबलचा पॅनल आणि १०५ डेसिबलचा कर्णा यांत १९ डेसिबलचा फरक आहे. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, म्हणजे तितक्याच मोठ्या आवाजासाठी पॅनलला सुमारे ऐंशीपट शक्ती हवी. कर्णेवाल्यांकडे आठ वॉटचे काचनळीचे ॲम्प्लिफायर मजेत चालतात ते उगाच नाही. उलट कर्ण्याला दोनशे वॉटचा ॲम्प्लिफायर लावला की त्याची बारीकशी सूंसूंसुद्धा शांत जागी ऐकू येऊ शकते.

इंपीडन्सच्या बाबतीत छापील आकड्यावर थांबू नका, सर्वात खालचा आकडा विचारा. "८ ओहम" लिहिलेला स्पीकर काही सुरांवर ३ ओहमपर्यंत उतरू शकतो. इलेक्ट्रोस्टॅटिकचं गणित आणखी तिरपागडं: सूर उंच होत जातो तसा इंपीडन्स घसरत जातो, आणि काही मॉडेलांत २० किलोहर्ट्झला तो १ ओहमच्या आसपास येतो. साधा ॲम्प्लिफायर तिथे तापतो किंवा स्वतःला बंद करून घेतो.

आणि हो, नॉटिलससारख्या स्पीकरला क्रॉसओव्हर (सूर वाटून वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे पाठवणारं यंत्र) बाहेर असतो, एका स्पीकरला ॲम्प्लिफायरचे चार चॅनल लागतात. जोडीला आठ. शंखाच्या मोहात पडताना हे आठ चॅनल कुठे ठेवणार तेही पाहा.

५. ऐकायला जा

आता कुठे दुकान. जाण्याआधी वेळ ठरवून घ्या आणि तास-दीड तास मोकळा ठेवा. सोबत न्या: खोलीचा नकाशा, स्वतःच्या ॲम्प्लिफायरचं नाव, आणि तुम्हाला श्वासासकट पाठ असलेली पाच-सहा गाणी. दुकानातलं खास प्रात्यक्षिकाचं संगीत हसून बाजूला ठेवा. एकट्या आवाजाचं बोलणं, पियानो, दाटीवाटीचा वाद्यमेळ आणि खाली उतरणारा खर्ज, एवढं तुमच्या यादीत असलं की पुरे.

डोळे किती फसवतात याचा पुरावा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा पडद्याआड आणि एकदा दाखवून ऐकवले. दिसू लागल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि प्लॅस्टिकच्या छोट्या संचाचे घसरले, आणि हे श्रोते ऑडिओ कंपनीतले कर्मचारी होते. आपण कोण लागून गेलो! म्हणून निदान काही गाणी डोळे मिटून ऐका. त्याहून बरं म्हणजे सोबतच्याला स्पीकर बदलायला सांगा आणि आपण पाठमोरं बसा.

दोन स्पीकर तुलनेला असतील तर आवाजाची पातळी सारखी करून घ्या. एक डेसिबल जास्त असलेला स्पीकर "जास्त मोकळा" वाटतो, आणि मुद्दाम किंवा नकळत हे बऱ्याच ठिकाणी होतं. फोनवरचं पातळी मोजायचं ॲप इथे कामाला येतं. अचूक आकडा त्यातून मिळत नाही, पण दोघांची तुलना होते.

मग उठा आणि चाला. बाजूला उभे राहा, खोलीच्या दारात जा, जमिनीवर बसा. बाजूला गेल्यावर आवाज हळूहळू मऊ होत गेला तर रचना चांगली. एखाद्या कोनात गायक अचानक नाकातून गाऊ लागला तर काहीतरी गडबड आहे. टूल यांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या कामातून हेच आलं, की समोरचा आलेख सपाट आणि बाजूचा आलेख गुळगुळीत उतरणारा असेल तर बहुतेकांना तो स्पीकर आवडतो. कंपनीने असे बाजूच्या कोनांचे आलेख दिले असतील तर मागून घ्या.

नेहमीचा सापळा: कागदावर "२० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ" लिहिलेलं असतं, पण पुढे "अधिक-उणे ३ डेसिबल", म्हणजे त्या पट्ट्यात आवाज किती चढतो-उतरतो, असं काही नसतं. त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

६. रंग आणि लाकूड

फिनिश फोटोवरून ठरवू नका. नमुन्याची पट्टी घरी मागवा आणि ज्या खोलीत स्पीकर राहणार तिथल्या सकाळच्या आणि दिव्याच्या उजेडात पाहा.

लाकडी स्पीकर म्हणजे बहुतेकदा दाबलेल्या तंतूंच्या पाटीवर खऱ्या लाकडाचा पातळ थर. ही फसवणूक नव्हे. भरीव लाकूड हवामानाबरोबर फुगतं-आकसतं, पाटी स्थिर राहते. पाहायचं ते हे, की दोन्ही स्पीकरांचे थर एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेले आहेत का. चांगले कारागीर डावा-उजवा आरशातल्यासारखा जुळवतात. उन्हात अक्रोड फिका पडतो आणि चेरी गडद होते, म्हणून एकावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असेल तर दोन-तीन वर्षांत जोडी विजोड दिसायला लागते. कापडी जाळी एकाच स्पीकरवर लावून ठेवली तरी तेच.

काळा पियानो लॅकर दुकानात राजासारखा दिसतो. घरी प्रत्येक बोट आणि धुळीचा प्रत्येक कण त्यावर उमटतो. खास रंगात बनवून घेतलेला स्पीकर सहसा परत घेत नाहीत आणि पुढे विकायलाही जड जातो, एवढं ध्यानात ठेवून मग खुशाल निवडा.

७. सही करण्याआधी: कागद आणि अप्रिय प्रश्न

हातात हवेत ते कागद:

- बिल, त्यावर दोन्ही स्पीकरांचे अनुक्रमांक आणि फिनिशचं पूर्ण नाव
- हमीपत्र, आणि पुढच्या मालकाला हमी लागू होते का याचा लेखी उल्लेख
- वाहतुकीचा विमा, घरातल्या जागेवर उभं करेपर्यंतचा, नुसता दारापर्यंतचा नव्हे
- परतीच्या अटी, मुदत आणि परतीचा खर्च कुणाचा ते
- परदेशातून थेट मागवत असाल तर सीमाशुल्काची कागदपत्रं आणि विजेचा दाब जुळतो याची खात्री (ॲम्प्लिफायर आत असलेल्यांसाठी आणि इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी)
- इमारतीची लिफ्ट किंवा जिना वापरायची परवानगी, लागत असेल तर

आता प्रश्न. ड्रायव्हर फुटला तर सुटा मिळतो का, की पूर्ण स्पीकर पाठवावा लागतो? मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं सुटे भाग देता, लिहून द्याल का? मोजक्याच जोड्यांच्या आवृत्तीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. म्यूऑनच्या फक्त १०० जोड्या होत्या. जगात शंभर जोड्या असण्याचा अभिमान वाटतो खरा, पण शंभर जोड्यांपुरतेच सुटे भागही.

संगणकी डोक्याच्या स्पीकरसाठी विचारा: वायरलेसचा भाग जुना झाला, ॲप बंद पडलं, तर साध्या तारेने चालेल का? लाकूड, धातू आणि पडदे पन्नास वर्षं टिकू शकतात, आतला नेटवर्कचा तुकडा त्याच्या पाव काळातच कालबाह्य होतो. तारेची जागा असेल तरच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

वापरलेला नामवंत स्पीकर घेत असाल तर वूफरच्या कडेचं फोम बोटाने हलकेच दाबा. पंधरा-वीस वर्षांत ते भुसभुशीत होतं. ते बदलता येतं, पण त्यावरून भाव करायचा. जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये एक पॅनल दुसऱ्यापेक्षा हळू वाजतो का ते ऐका. आणि मूळ पेटारा नसेल तर सौदा नीट विचार करून करा. १९५७ चा जेबीएल पॅरागॉन हा डावा-उजवा दोन्ही एकाच लांबलचक लाकडी देहात असलेला स्पीकर अडीच मीटरहून रुंद आणि सुमारे ३०० किलोचा आहे. अशी वस्तू विकत घेण्याइतकंच ती हलवणं हे काम आहे.

८. घरी आल्यावर

चाळीस किलोच्या वर असेल तर उचलायला माणसं सांगा आणि अंगठ्या, घड्याळं, पट्ट्याचं बक्कल काढायला लावा. लॅकरवरचे बहुतेक चरे पहिल्या दहा मिनिटांत पडतात. आधी चाकांवर किंवा जाड कापडावर उभा करा, टोकदार खिळे जागा पक्की झाल्यावरच लावा. लाकडी किंवा दगडी जमिनीवर खिळ्यांखाली धातूच्या वाट्या ठेवा.

मांडणी: दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण. ट्वीटर कानाच्या उंचीला. मग एकाच माणसाच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण लावा. आवाज बरोबर मध्यातून, एका ठिकाणाहून आला पाहिजे. पसरट, डोक्यात शिरल्यासारखा वाटला आणि खर्ज गायब असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या आहेत, लाल-काळं तपासा. हे झालं की एका वेळी पाच-पाच सेंटिमीटर सरकवत जा आणि प्रत्येक जागेची खूण चिकटपट्टीवर करा. आतल्या बाजूला वळवण्याचा कोन शेवटी बघा. कर्णेवाले बऱ्याचदा डोक्याच्या किंचित पुढे छेदतील असे वळवलेले बरे वाटतात, चहूकडे पसरणाऱ्यांना कोनाचा प्रश्नच नाही.

कानाने ठरलं की मोजून बघा. यूएसबीवर चालणारा मोजमापाचा मायक्रोफोन (मिनीडीएसपीचा यूमिक-१ बरेच जण वापरतात) आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. खालच्या ३०० हर्ट्झपर्यंतचेच उंचवटे-खड्डे मनावर घ्या. उंचवटा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कापता येतो, खड्डा मात्र भरायला जाऊ नका: शक्ती वाया जाते आणि वूफर विनाकारण ताणला जातो. खड्ड्यावर उपाय स्पीकर किंवा खुर्ची सरकवणं.

९. निगा

लॅकरला किंचित ओलसर मायक्रोफायबर, अल्कोहोल किंवा काच पुसायचा फवारा अजिबात नाही. लाकडाला कोरडं मऊ कापड. कातड्याला वर्षातून एकदा कातड्याचं मलम. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल धूळ ओढून घेतो. त्याची वीज काढा, काही तास थांबा आणि मग मऊ ब्रशचं तोंड लावलेल्या व्हॅक्यूमने पुढून हलकेच धूळ काढा, पाणी लावू नका. ट्वीटरच्या घुमटाला कापड, ब्रश, बोट यातलं काहीच लावायचं नाही. धातूचा घुमट दबला की दबला. बेरिलियम या धातूचा घुमट कधी फुटलाच तर तुकडे हाताने वेचू नका, झाडू किंवा व्हॅक्यूमही फिरवू नका, कारण त्याची भुकटी फुप्फुसांना घातक असते. त्यावर चिकटपट्टी लावून झाका आणि सेवा केंद्राला कळवा. घरात लहान मूल असेल तर जाळी पहिल्या दिवसापासून लावूनच ठेवा, दोन्ही स्पीकरांवर.